यात्रेची सुपारी आणि कलावंताची मजुरी

गुढीपाडवा आला की शहरातील मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर की माथेरान, कोकणातील मामाचे घर की एखादी सहल, ह्याची चर्चा होते. ह्याच सुमारास पुणे, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे ह्या जिल्ह्यांतील अनेक गावांचे कारभारी जीपगाड्यांत बसून जुन्नर तालुक्यातील नारायणगावास निघालेले असतात. त्यांच्या खिशात घरटी जमविलेल्या पट्टीचे पैसे असतात आणि डोक्यात एकच प्रश्न असतो : यंदा आपल्या यात्रेला कोणता फड आणायचा? नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला तमाशाच्या फडांनी आपापल्या राहुट्या उभारलेल्या असतात. प्रत्येक राहुटीत व्यवस्थापक वही उघडून बसलेला असतो. तिथी सांगावयाची, रकमेची घासाघीस करावयाची, इसार द्यावयाचा आणि सुपारी ठरवून परतावयाचे. चैत्र-वैशाखातील जवळजवळ प्रत्येक रात्र अशी वहीत मांडली जाते. गावाचा उन्हाळा गाण्याभोवती आखण्याची ही महाराष्ट्रातील जुनी आणि आजही चालू असलेली पद्धत आहे.

ह्या व्यवहारात एका बाजूस गाव असते आणि दुसऱ्या बाजूस फडाचा मालक. पण ज्यांच्या गळ्यावर, पायांवर आणि ढोलकीवर थाप मारणाऱ्या हातांवर ही सारी बोली होते, तो कलावंत त्या राहुटीत नसतो. आपल्याला कोणत्या रात्री कोठे नाचायचे, दोन गावांमध्ये किती तासांचा प्रवास आहे, मध्ये झोप मिळणार की नाही, हे त्याला मागाहून कळते. लोककलेचे संवर्धन ह्या विषयावर आपल्याकडे पुष्कळ भाषणे होतात. माझे म्हणणे असे की हा प्रश्न संवर्धनाचा नंतर आहे, आधी तो मजुरीचा आहे. आणि तो समाजवादी चळवळीने मजुरीचा प्रश्न म्हणूनच हाती घेतला पाहिजे.

सुगीनंतरचे गाव

यात्रा उन्हाळ्यातच का भरतात, ह्याचे उत्तर पंचांगापेक्षा शेतीत अधिक सापडते. रब्बीची ज्वारी-गहू-हरभरा खळ्यावरून घरात आलेला असतो. मृगाला अजून अवकाश असतो. नांगरट सोडली तर शिवारात फारसे काम नसते. रात्री कोरड्या असतात, त्यामुळे उघड्या माळावर हजार-दोन हजार माणसे अंथरूण टाकून बसू शकतात. वर्षभर ज्या हातांत पैसा टिकत नाही त्या हातांत दोन-चार आठवडे तरी तो असतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे ह्याच सुमारास घरी परततात. मुंबई-पुण्यास नोकरीला गेलेला माणूस दिवाळीला एक वेळ चुकेल, पण गावच्या यात्रेला चुकत नाही. गिरण्यांच्या काळात तर गिरणी कामगाराची वर्षाची रजाच यात्रेच्या तिथीवर बेतलेली असे. लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या जागी त्याने वर्षभर तिकीट काढून जो तमाशा पाहिला, तोच चैत्रात स्वतःच्या वर्गणीने तो स्वतःच्या गावात नेत असे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. त्याबरोबर तमाशाचा शहरातील हक्काचा प्रेक्षक गेला आणि फडांची सारी भिस्त ह्या उन्हाळी यात्रांवर येऊन पडली.

मोठी क्षेत्रे आपल्या परिचयाची आहेत. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, शिखर शिंगणापूरला कावडी चढतात, वणीच्या गडावर सप्तशृंगीचा चैत्रोत्सव होतो. परंतु तमाशाचा खरा संसार चालतो तो ह्या मोठ्या यात्रांवर नव्हे. तो चालतो भैरवनाथाच्या, खंडोबाच्या, मुक्ताबाईच्या, पिराच्या उरुसाच्या अशा लहान लहान गावांच्या यात्रांवर, ज्यांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत. आज ह्या गावात, उद्या पन्नास-साठ मैलांवरच्या दुसऱ्या गावात. पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत ही धावपळ असते. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत फड तंबू घेऊन हिंडतात आणि तिकिटांवर खेळ करतात. त्यात कधी भरते, कधी ओस पडते. सुपारीचे दिवस मात्र खात्रीचे. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात : नर्तकी, गायिका, ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाडे, सुरत्ये, त्याखेरीज आचारी, चालक, वायरमन, तंबू ठोकणारे बिगारी. त्या सर्वांच्या वर्षाचा हिशेब ह्या सहा-सात आठवड्यांत जुळतो किंवा तुटतो.

रात्रीचा वग आणि सकाळची हजेरी

यात्रेतील तमाशा पाहणाऱ्याला तिकीट नसते, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य. गावाने सुपारी दिलेली असते. माळावर जो येईल त्याने बसावे. गण होतो, गवळण होते, मावशी आणि पेंद्या लोकांना हसवतात, बतावणी होते, रंगबाजीत लावण्या होतात आणि मग मध्यरात्रीच्या पुढे वग उभा राहतो. वगात राजा असतो, पण राजाची फजिती करणारा सोंगाड्याही असतो; आणि गावचा पाटील पुढच्या रांगेत बसला आहे हे ठाऊक असूनही सोंगाड्या पाटीलकीवर बोलतो. पूर्वी हा खेळ उजाडेपर्यंत चाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'हजेरी' असते. रात्रभर जागलेल्या त्याच कलावंतांनी देवळापुढे किंवा झाडाखाली पुन्हा उभे राहायचे, गावकऱ्यांच्या फर्माइशी पुरवायच्या, आणि मग सामान ट्रकमध्ये भरून पुढच्या गावाचा रस्ता धरायचा.

ह्या मैदानात सारे गाव एका पातळीवर बसते असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कोण पुढे बसतो आणि कोण कडेला उभा राहतो, कोणाच्या घरची पट्टी घेतली जाते आणि कोणाला यात्रा समितीत जागा मिळत नाही, हे अनेक गावांत अजून जातीवरूनच ठरते. गावातील स्त्रिया यात्रेच्या रात्री बहुधा घरीच असतात. मैदानावर स्त्री असते ती रंगमंचावर. आणि रंगमंचावरील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या मांग, महार, कोल्हाटी, गोपाळ, डोंबारी अशा समाजांतून आलेले आहेत. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांनीच गावाचे मन रमवावे, आणि रमविल्याबद्दल पुन्हा त्यांनाच नावे ठेवावीत, असा हा व्यवहार आहे. १८६६ साली जन्मलेले रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण्य सोडून पठ्ठे बापूराव झाले, पवळेबरोबर फडात उभे राहिले, त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गायल्या गेल्या. १९४५ साली ते पुण्यात दारिद्र्यात वारले. जात सोडून तमाशात आलेल्याची ही गत. जातीमुळेच तमाशात जन्मलेल्यांची काय असेल!

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग ह्यांचे उदाहरण आपण सारेच देतो. पूर्ण दिवसांच्या असताना त्या रंगमंचावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येण्यास सिद्ध झाल्या. ही हकीकत आपल्या सभांतून कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. ती ऐकून टाळ्या पडतात. पण हीच हकीकत कापडगिरणीतील एखाद्या बाईची असती, यंत्रापाशी बाळंत होऊन तिला पुन्हा पाळीवर उभे राहावे लागले असते, तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या काय? आपण मोर्चा काढला असता. प्रसूतीची रजा हा कामगार स्त्रीचा हक्क आहे असे म्हटले असते. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा औषधोपचारासाठी लोकांच्या देणग्यांकडे पाहण्याची पाळी त्यांच्यावर आलेली होती. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार द्यावा, परंतु पुरस्कार म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे.

उचल नावाची बेडी

तमाशाचे अर्थकारण एका शब्दात सांगायचे तर तो शब्द आहे 'उचल'. पावसाळ्यात फड बंद असतो. ह्या चार महिन्यांत कलावंताच्या घरात मिळकत नसते. मुलांची शाळा, आजारपण, लग्नकार्य, घराची डागडुजी मात्र थांबत नाही. मग तो फडमालकाकडून पुढील हंगामाच्या बोलीवर उचल घेतो. हंगाम सुरू झाला की ती उचल पगारातून वळती होते. ती फिटेपर्यंत त्याला दुसऱ्या फडात जाता येत नाही आणि हंगाम संपतासंपता ती फिटली की पुन्हा पावसाळा उभाच असतो. ऊसतोड मजुराची मुकादमाकडील उचल आणि तमाशा कलावंताची उचल ह्यांत तत्त्वतः काही फरक नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे काम आणि त्याची हिंडण्याफिरण्याची मुभा बांधून घेण्यास मनाई केली आहे. तो कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर शेतमजूर होता, वीटभट्टी होती, दगडखाण होती. पायांत चाळ बांधलेला मजूर कोणाच्या नजरेसमोर आला नसावा.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फडमालकाला गिरणीमालकाच्या पंक्तीला बसविणे हे चूक होईल. बहुतेक फडमालक स्वतः कलावंतांच्या घराण्यांतून आलेले आहेत. कित्येक जण आजही रंगमंचावर उभे राहतात. ते कलावंतांना जी उचल देतात ती त्यांनी स्वतः सावकाराकडून चढ्या व्याजाने काढलेली असते. ट्रक, जनरेटर, ध्वनियंत्रणा, तंबू, वेशभूषा ह्यांचे कर्ज निराळे. बँक त्यांना दारात उभे करीत नाही, कारण तारण म्हणून ठेवण्यासारखे त्यांच्यापाशी काही नसते. एक पाऊस अवकाळी आला, चार सुपाऱ्या बुडाल्या, की मालकाचाही संसार उघड्यावर येतो. तेव्हा साखळी अशी आहे : सावकार, मालक, कलावंत. ह्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला गाव आहे, जे पैसे देते पण त्या पैशाचे पुढे काय होते हे विचारत नाही.

तीन पाडवे

ही व्यवस्था किती तकलादू आहे हे तीन पाडव्यांनी दाखविले. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता; आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि टाळेबंदीचा पहिला दिवस हाच सुपाऱ्यांचा पहिला दिवस ठरला. नारायणगावच्या राहुट्यांत कोणी फिरकले नाही. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला आला. दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. २०२२ साली २ एप्रिलला, पाडव्याच्याच दिवशी, राज्याने करोनाचे निर्बंध उठविले. मधल्या दोन वर्षांत दोन हंगाम पूर्ण बुडाले. ह्या काळात कलावंतांनी शेतमजुरी केली, भाजी विकली, बांधकामावर पाट्या वाहिल्या. मालकांनी ट्रक विकले. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर करोनानेच गेल्या.

रोगाची साथ कोणाच्या हातची नव्हती हे खरे. परंतु त्या दोन वर्षांत कोणाचा पगार चालू राहिला आणि कोणाचा थांबला, ही गोष्ट साथीने ठरविली नाही. ती आपल्या समाजरचनेने आधीच ठरवून ठेवलेली होती. ज्याच्यापाशी नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी, रजा ह्यांपैकी काहीही नाही, त्याचे नाव मदतीच्या यादीत येणार कोठून? मदत द्यावयाची म्हटले तर कलावंत किती आणि कोण, ह्याची विश्वासार्ह नोंदच नव्हती. २००८ साली केंद्राने असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा केला होता. तो तमाशाच्या राहुटीपर्यंत पोहोचलेला नव्हता.

आक्षेपांचा विचार

ह्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की तमाशा आपल्या मरणाने मरतो आहे. लोकांना आता डीजे पाहिजे, ऑर्केस्ट्रा पाहिजे, चित्रपटातील गाणी पाहिजेत. आवड बदलते हे मान्य. खुद्द तमाशाही नेहमी बदलत आला आहे. सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, ही सारी त्या एका झाडाची फळे आहेत. वसंत बापट, निळू फुले, राम नगरकर ह्यांच्यासारखी माणसे सेवा दलाच्या ज्या रंगमंचावर वावरली तो रंगमंच तमाशाच्या ढंगावर उभा होता. आपल्या चळवळीने ह्या कलेकडून ढोलकी घेतली, बतावणी घेतली, सोंगाड्याची जीभ घेतली. तेव्हा तिच्या भवितव्याबद्दल खांदे उडविण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. शिवाय आवड बदलली म्हणून मजुराचा हक्क कमी होत नाही. लोक डीजे मागत असतील तर डीजेच्या गाडीवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या पोरालाही हेच प्रश्न लागू आहेत.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. तो जुना आहे आणि तो घेणाऱ्यांत आपले सुधारकही होते. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली होती आणि 'लोकनाट्य' ह्या सोज्ज्वळ नावाखाली त्याला पुन्हा उभे राहावे लागले. माझे मत असे की शृंगार म्हणजे अश्लीलता नव्हे. खरी अश्लीलता असते ती नर्तकीवर नोटा फेकणाऱ्या हातात, तिला कपडे बदलायला आडोसा न देणाऱ्या व्यवस्थेत, शंभर माणसांच्या मुक्कामासाठी एक शौचालयही उपलब्ध न करणाऱ्या यात्रा समितीत. ह्या गोष्टींबद्दल सोवळे आक्षेपक बोलत नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातील फार तर पंधरा दिवस राज्य सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नियम कसोशीने पाळण्याचा आदेश दिला. रात्री दहाला जिथे गवळण संपते तिथे वग सुरू कधी व्हायचा? म्हणून पुष्कळ मंडळी हा नियमच नको म्हणतात. मला ते पटत नाही. झोपेचा हक्क हाही कष्टकऱ्याचा हक्क आहे. आजारी म्हातारी, परीक्षेला बसलेला मुलगा, पहाटे कामावर जाणारी बाई गावात असतेच. आणि हेही कबूल केले पाहिजे की भिंतीएवढे कर्णे लावण्याची चढाओढ फडांतही शिरली आहे. तमाशाने खेळ संध्याकाळी सातला सुरू करावा, गण-गवळण आटोपशीर करावी, वगाला त्याची जागा परत द्यावी. हजेरी दिवसाउजेडी होतेच. तिला नियमाची बाधा नाही. ज्या पंधरा दिवसांची सवलत सरकारच्या हाती आहे, त्या दिवसांचा विचार करताना शहरी उत्सवांबरोबर गावच्या यात्रांचीही आठवण ठेवावी, एवढी मागणी रास्त आहे.

न्यूपोर्टचे पन्नास डॉलर

उघड्यावरचे संगीत आणि त्यातील पैसा हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत न्यूपोर्ट येथे १९५९ साली लोकसंगीताचा उन्हाळी महोत्सव सुरू झाला. मधल्या खंडानंतर १९६३ साली तो नव्याने उभा राहिला तेव्हा पीट सीगर आदींच्या पुढाकाराने एक नियम करण्यात आला : कलावंत कितीही नामवंत असो वा अगदी अनाम, प्रत्येकास सारखेच पन्नास डॉलर मानधन, शिवाय प्रवास आणि राहण्याजेवणाची सोय, आणि महोत्सवाची शिल्लक लोकसंगीताच्या कामासाठीच खर्च करावयाची. जोन बाएझ आणि बॉब डिलन ह्यांनाही तेच आणि दक्षिणेकडील खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बँजोवादकालाही तेच. ही व्यवस्था कायम टिकली नाही, हेही खरे. पण कलावंतांना किती द्यायचे हा प्रश्न बाजारावर न सोडता तत्त्वाने ठरविता येतो, एवढे तिने दाखवून दिले.

आपल्याकडेही महोत्सवांची वाण नाही. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, आणि रसिक त्यासाठी आपले वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरवितात. ते योग्यच आहे. तरुणांचे पाश्चात्त्य संगीताचे मोठाल्या तिकिटांचे महोत्सव गोव्यात आणि पुण्यात होतात. त्यांच्यामागे कंपन्यांचा पैसा उभा असतो. गावच्या यात्रेमागे कोणी कंपनी नाही. तिच्यामागे आहे ती घरटी पट्टी, आणि माझ्या मते तीच तिची ताकद आहे.

माथाडीचा धडा

कारण पट्टी प्रत्येक घराने दिलेली असते. भूमिहीन मजुराने दिलेली असते, विधवेने दिलेली असते, मुंबईत टॅक्सी चालविणाऱ्याने पाठविलेली असते. म्हणजे यात्रेची सुपारी हा सार्वजनिक पैसा आहे. सार्वजनिक पैशाने माणसे कामाला लावायची तर त्या कामाच्या अटी सार्वजनिकच असल्या पाहिजेत. प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा पाडव्याच्या सुमारे दोन महिने आधी येते. यात्रेचा जमाखर्च, समितीतील प्रतिनिधित्व आणि सुपारीच्या अटी त्या ग्रामसभेपुढे ठेवता येतील. स्त्रियांना आणि सर्व वस्त्यांना समितीत जागा, कलावंतांना बंदिस्त आडोसा, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, रात्रीच्या खेळानंतर किमान विश्रांती, दौलतजादा आणि हुल्लडीला बंदी, ह्या अटी घालायला नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेने ठरविले की पुरे.

परंतु त्याने उचलीची बेडी तुटणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रानेच घालून दिलेला एक धडा आपल्यापुढे आहे. १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. हमालाची अडचण काय होती? त्याला कायमचा मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याचा ट्रक. मालकच कायम नाही म्हणून कोणताही कामगार कायदा त्याला लागू होईना. तेव्हा सरकार, मालक आणि कामगार ह्यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापण्यात आले. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरलेली लेव्ही भरायची. मंडळाने कामगाराची नोंद ठेवायची, मजुरी त्याच्या हाती द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, वैद्यकीय मदत ह्यांची तजवीज करायची. आज ह्या गावाची यात्रा, उद्या त्या गावाची. तमाशा कलावंताची अडचण ह्याहून निराळी आहे काय?

तमाशा कलावंतांसाठी असेच मंडळ का असू नये? नारायणगावच्या राहुटीत ठरलेली सुपारी लेखी करारावर यावी. गावाने रक्कम आणि तिच्यावरील लहानशी लेव्ही मंडळाकडे भरावी. मंडळाकडे प्रत्येक कलावंताची आणि बिगाऱ्याची नोंद असावी. त्यांचा पगार त्यांच्या खात्यावर जावा, उरलेली रक्कम मालकाला मिळावी. पावसाळ्यातील उचल मंडळानेच माफक व्याजाने द्यावी, म्हणजे मालकाची सावकारापासून आणि कलावंताची मालकापासून सुटका होईल. सरकार आज फडांना अनुदान देते, वृद्ध कलावंतांना मानधन देते. त्यातील काही भाग ह्या निधीस लेव्हीच्या प्रमाणात जोडून द्यावा. कलावंतांच्या मुलांना हंगामात आईबापांमागे फरपटत जावे लागू नये म्हणून वसतिगृहे हवीत. ती ह्याच निधीतून चालविता येतील.

सुपारी महाग झाली तर गावे तमाशा सोडून डीजेकडे वळतील, अशी भीती घातली जाईल. हमालांच्या वेळीही व्यापारी असेच म्हणत होते की लेव्ही बसली तर बाजार उठेल. बाजार उठला नाही. गावाने यात्रेतील दारूकामावर, फेटे-शाली-सत्कारांवर, पुढाऱ्यांच्या फलकांवर होणारा खर्च एकदा मांडून पाहावा. २०१४ साली बंद झालेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांच्या बक्षिसांसाठी गावोगाव पैसा उभा राहतो. बैलाच्या हालांचा विचार सर्वोच्च न्यायालयापर्यंत झाला, तो व्हायलाच हवा होता. माणसाच्या हालांचा विचार निदान ग्रामसभेपर्यंत तरी व्हावा.

आपला उन्हाळा

ही मागणी सरकारदरबारी कागद दिल्याने पुरी होणार नाही. माथाडी कायदा हमालांच्या लढ्यातून आला. तमाशा कलावंत विखुरलेला आहे, उचलीने बांधलेला आहे, उद्या काम मिळेल की नाही ह्या भीतीने गप्प आहे. त्याची संघटना बांधण्याचे काम त्याच्या बरोबरीने कोणी तरी केले पाहिजे, आणि त्याला वेळ सापडतो तो पावसाळ्यात. पण त्याची ओळख मात्र उन्हाळ्यातच करून घ्यावी लागेल.

म्हणून ह्या पानाच्या वाचकांना, विशेषतः शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि सेवा दलाच्या तरुण मित्रांना एक विनंती आहे. सुट्टीचा बेत आखताना आपल्या तालुक्यातील यात्रांची यादी करा. चैत्र-वैशाखात निदान चार गावांत जा. रात्री जमिनीवर बसून वग पाहा आणि सकाळी हजेरीला थांबा. मावशीच्या बोलण्यावर मनमुराद हसा. ढोलकीची आणि हलगीची जुगलबंदी कान देऊन ऐका, कारण आनंदासाठी जे जात नाहीत त्यांना कलावंत जवळ करीत नाही. मग राहुटीमागे जा आणि विचारा : उचल किती, फिटली किती, झोप कधी मिळाली, मुले कोणापाशी आहेत, पावसाळ्यात काय करता. उत्तरे लिहून ठेवा. कलावंत किती आणि कोण, ही जी नोंद २०२० साली कोणापाशी नव्हती, ती एका उन्हाळ्यात दोनशे कार्यकर्ते तयार करू शकतील. ती नोंद हाती आली की मागणीला बळ येईल, आणि पुढील प्रजासत्ताकदिनाच्या ग्रामसभेत उभे राहून बोलताना आपल्यापाशी केवळ कळवळा असणार नाही, हिशेबही असेल.

गाव आपला उन्हाळा नारायणगावच्या वहीत मांडते. त्या वहीत आजवर दोनच रकाने आहेत, एक तिथीचा आणि एक सुपारीचा. तिसरा रकाना मजुरीचा आहे आणि तो आपण भरला पाहिजे.